पडद्यावरची नदी : एका विमानखेळाचे शास्त्र

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर निळ्या रंगाची एक नदी वरून खाली वाहत येत आहे. दोन्ही बाजूंना हिरवे काठ आहेत. पडद्याच्या तळाजवळ एक लहानसे विमान आहे आणि ते खेळणाऱ्याच्या हातातील दांडीच्या हालचालीप्रमाणे डावीउजवीकडे सरकते. समोरून जहाजे येतात, हेलिकॉप्टरे येतात, मधूनच नदीवर आडवा पूल लागतो. त्यांचा वेध घ्यावयाचा, काठावर आदळावयाचे नाही आणि इंधन संपू द्यावयाचे नाही, एवढाच या खेळाचा नियम आहे. 'रिव्हर रेड' या नावाचा हा खेळ अमेरिकेतील ॲक्टिव्हिजन या संस्थेने १९८२ साली अटारी कंपनीच्या घरगुती खेळयंत्रासाठी प्रसिद्ध केला. कॅरोल शॉ या अभियंता स्त्रीने त्याची रचना केली.

अशा खेळांकडे करमणूक म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत, आणि मुलांचा वेळ खाणारी वस्तू म्हणून पाहणारेही पुष्कळ आहेत. या पुस्तिकेत आपण त्याकडे तिसऱ्या दृष्टीने पाहणार आहोत. या खेळाची सर्व सामग्री, म्हणजे नदी, बेटे, जहाजे, पूल, आवाज, गुणांची मोजणी आणि खेळाचे नियम, अवघ्या ४,०९६ बाइटांत मावलेली आहे. आपण वाचीत असलेले हे लहानसे प्रकरणदेखील आजच्या गणकयंत्रात साठवावयाचे झाल्यास त्याहून कितीतरी अधिक जागा घेईल. असे असता नदी मात्र एकामागून एक नवी वळणे दाखवीत पुढे चालूच राहते. ही नदी आली कोठून आणि ती साठवली आहे तरी कोठे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

विमान हालते की नदी?

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. विमान पुढे उडत आहे असे आपणांस वाटते. परंतु पडद्यावर ते वर किंवा खाली मुळीच सरकत नाही. तळापासूनची त्याची उंची खेळाच्या आरंभापासून अखेरपर्यंत तीच राहते. सरकते ती नदी. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना शेते आणि तारांचे खांब मागे पळतात असे दिसते, त्याचेच हे उलट उदाहरण होय. गती नेहमी कशाच्या तरी संदर्भाने मोजावी लागते. दोन वस्तूंपैकी कोणती स्थिर मानावी, हे पाहणाऱ्याच्या भूमिकेवर अवलंबून असते. खेळाच्या रचनाकाराने याच तत्त्वाचा लाभ घेतला आहे. विमान स्थिर ठेवून भूमी मागे सरकवली की पाहणाऱ्याचे मन उरलेले काम स्वतःच करते.

हातातील दांडी पुढे रेटली की विमानाचा वेग वाढतो आणि मागे ओढली की तो कमी होतो. प्रत्यक्षात येथेही विमानाला काही होत नाही. नदीच्या सरकण्याचा वेग तेवढा बदलतो आणि त्याबरोबर यंत्राच्या घरघरीचा स्वर चढतो किंवा उतरतो. डोळा आणि कान यांची साक्ष एकमेकांस जुळली म्हणजे भास पक्का होतो.

पडद्यावर चित्र कसे उमटते?

त्या काळातील दूरचित्रवाणी संचात काचेची एक मोठी नळी असे. तिच्या मागील टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत पुढील काचेवर येऊन पडे. काचेच्या आतील अंगास विशिष्ट लेप दिलेला असल्यामुळे झोत पडेल तो बिंदू क्षणभर उजळून निघे. हा झोत डावीकडून उजवीकडे एक रेषा आखी, झटकन परत डावीकडे येई, किंचित खाली सरके आणि दुसरी रेषा आखी. शेतकरी नांगराने तासामागून तास घालीत शेत पुरे करतो, त्याप्रमाणे झोत रेषेमागून रेषा आखून पडदा पुरा करीत असे.

अटारीचे यंत्र अमेरिकी पद्धतीच्या संचास एका चित्रासाठी २६२ रेषा पुरवीत असे आणि अशी सुमारे ६० चित्रे दर सेकंदाला उमटत. त्या रेषांपैकी प्रत्यक्ष खेळ दिसे तो १९२ रेषांत. उरलेला काळ झोताला खालून पुन्हा वर नेण्यात आणि संकेत जुळविण्यात जाई. एका रेषेचा काळ सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी केवळ साडेत्रेसष्ट भाग. लागोपाठच्या चित्रांत नदी एकदोन रेषांनी खाली सरकलेली असली, तर डोळ्याला निरनिराळी चित्रे न दिसता अखंड प्रवाह दिसतो.

भारतात ६२५ रेषांची आणि सेकंदाला ५० क्षेत्रांची पद्धत रूढ झाली. तिच्यासाठी असलेल्या यंत्रांना एका चित्रासाठी २६२ ऐवजी ३१२ रेषा पुरवाव्या लागत. खेळातील सर्व हालचाली चित्रांच्या संख्येवर मोजलेल्या असतील आणि आकडेमोड बदलली नसेल, तर तोच खेळ अशा संचावर सहापंचमांश काळ घेईल, म्हणजे विमान मंद उडेल. खेळातील काळ घड्याळाने मोजला जात नसून झोताच्या फेऱ्यांनी मोजला जातो, हे यावरून स्पष्ट होईल.

वाढप्याची कसरत

आजच्या गणकयंत्रात पडद्यावरील प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक जागा राखून ठेवलेली असते. तेथे संपूर्ण चित्र आधी तयार करून ठेवतात आणि मग ते पडद्याकडे पाठवतात. अटारीच्या यंत्रात हे शक्य नव्हते. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १९२, म्हणजे एकंदर ३०,७२० ठिपके मावत. प्रत्येक ठिपका उजळ की काळा एवढेच नोंदवावयाचे म्हटले, तरी ३,८४० बाइट स्मृती हवी. यंत्रात होती ती १२८ बाइट, म्हणजे बरोबर तिसावा हिस्सा! १९७७ साली हे यंत्र बाजारात आले त्या वेळी स्मृतीचे तुकडे महाग होते आणि यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ठेवावयाची होती, म्हणून ही काटकसर.

मग चित्र उमटे कसे? ते साठवलेच जात नसे. झोत एक रेषा आखीत असतानाच त्या रेषेवर काय दिसावे हे गणकाने त्याच क्षणी सांगावयाचे. यासाठी जे मायनर व त्यांचे सहकारी यांनी एक खास विद्युत्-तुकडा घडवला होता. त्यात एका रेषेपुरतीच माहिती मावे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातात भांडे लहान असावे आणि पंगत लांबच लांब असावी, अशी कल्पना करा. पानावर पान ओलांडीत यजमान पुढे चालला आहे. तो थांबणार नाही. तो पुढच्या पानाजवळ पोचण्यापूर्वी वाढप्याने भांडे भरून आणलेच पाहिजे. येथे यजमान म्हणजे पडद्यावरील झोत आणि वाढपी म्हणजे यंत्रातील ६५०७ या क्रमांकाचा गणक.

या गणकाच्या घड्याळाचे सेकंदाला सुमारे ११ लाख ९० हजार ठोके पडत. एका रेषेच्या वाट्याला त्यांतील नेमके ७६ ठोके येत. गणकाच्या साध्यातल्या साध्या आज्ञेला दोन ठोके लागतात, कित्येकींना चार, पाच किंवा त्याहून अधिक. म्हणजे एका रेषेत जेमतेम पंधरावीस आज्ञा पार पडणार. तेवढ्यात काठाचा आकार, विमानाची आकृती, शत्रूची आकृती आणि रंग ही सारी नवी माहिती पुरवावयाची. काम लवकर उरकले तर गणकाला पुढील रेषेपर्यंत थांबविण्याची सोय होती. उशीर झाला तर मात्र चित्र तत्काळ विस्कटे. गुणांची बेरीज, इंधनाची मोजणी, दांडीच्या स्थितीची पाहणी ही इतर कामे झोत पडद्याच्या बाहेर असताना, म्हणजे दोन चित्रांमधील अवकाशात उरकून घ्यावी लागत.

दोन्ही काठ सारखे का?

खेळ काळजीपूर्वक पाहणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात येते. नदीचा डावा काठ जसा वळतो तसाच उजवा काठही वळतो. एक आत आला की दुसराही आत येतो. मध्ये बेट असेल तर तेही दोन्ही अंगांनी सारखेच असते. निसर्गातील कोणतीही नदी अशी नसते. तापी किंवा गोदावरी यांच्या नकाशावर मध्यरेषा आखून कागद दुमडला तर दोन काठ एकमेकांवर कधीच जुळणार नाहीत.

याचे कारण भूगोलात नसून यंत्रात आहे. पार्श्वभूमीचा आकार सांगण्यासाठी त्या विद्युत्-तुकड्यात केवळ २० बिटांची जागा होती. प्रत्येक बिट चार ठिपके रुंदीचा एक ठोकळा दाखवी. वीस चोक ऐंशी, म्हणजे निम्मा पडदा झाला. उरलेल्या अर्ध्या भागात तीच माहिती पुन्हा जशीच्या तशी किंवा आरशातल्याप्रमाणे उलटी दाखवण्याची सोय होती. आरशाची रीत निवडली की डाव्या काठाबरोबर उजवा काठ विनासायास मिळतो. घडी घातलेल्या कागदाला कात्री लावून नक्षी काढतात, तसाच हा प्रकार आहे.

ठोकळे चार ठिपके रुंद असल्यामुळे आकार आडव्या दिशेने सरकवला तर तो धक्के खात सरकेल. उभ्या दिशेला मात्र एकेक रेषा स्वतंत्र असल्यामुळे हालचाल मऊ होते. नदी डावीकडून उजवीकडे न वाहता वरून खाली का वाहते, याचे एक मोठे कारण हे आहे. शॉ यांच्या मनात प्रथम अवकाशातील खेळ होता. तशा खेळांची बाजारात गर्दी झाली आहे, असे सहकारी ॲलन मिलर यांनी सुचविल्यावर नदीची आणि विमानाची कल्पना पुढे आली. यंत्राची मर्यादा नीट ओळखली की ती रचनेला दिशा देते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नदी साठवली आहे कोठे?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. नदीच्या प्रत्येक टप्प्यावर ती रुंद असावी की अरुंद, मध्ये बेट असावे की नाही, पुढे जहाज यावे की हेलिकॉप्टर, हे कोठेतरी ठरलेले असले पाहिजे. ती यादी लिहून ठेवावयाची म्हटली तर ४,०९६ बाइट हां हां म्हणता संपतील. शॉ यांनी यादी ठेवली नाही. यादी निर्माण करणारा एक नियम तेवढा ठेवला. या नियमाची रीत कोणाही विद्यार्थ्याला चार नाण्यांच्या साहाय्याने करून पाहता येईल.

चार नाणी एका ओळीत ठेवा. छाप म्हणजे १ आणि काटा म्हणजे ० असे समजा. आरंभी पहिले नाणे छाप आणि उरलेली तिन्ही काटा, म्हणजे १००० अशी मांडणी करा. आता नियम असा : उजवीकडील शेवटची दोन नाणी पाहा. ती सारखी असतील तर ० लिहा, वेगळी असतील तर १ लिहा. मग सर्वांत उजवीकडील नाणे उचला, उरलेली तीन एकेक घर उजवीकडे सरकवा आणि डावीकडे रिकाम्या झालेल्या घरात उचललेले नाणे नुकताच लिहिलेला अंक दिसेल असे ठेवा. हाच नियम पुन्हा पुन्हा लावीत जा. मिळणाऱ्या मांडण्या पुढीलप्रमाणे असतील :

१०००, ०१००, ००१०, १००१, ११००, ०११०, १०११, ०१०१, १०१०, ११०१, १११०, ११११, ०१११, ००११, ०००१

यानंतर पुन्हा १००० येते आणि चक्र नव्याने सुरू होते. या मांडण्यांना द्विमान पद्धतीतील संख्या मानून त्यांचे नेहमीचे अंक लिहिले तर क्रम असा मिळतो : ८, ४, २, ९, १२, ६, ११, ५, १०, १३, १४, १५, ७, ३, १. एक ते पंधरा हे सर्व अंक एकेकदा आले, परंतु क्रम असा की तो पाहून मागचा नियम कोणाच्या ध्यानी चटकन येणार नाही. चारही नाणी काटा असतील तर मात्र नियम त्यांना तेथेच खिळवून ठेवतो. म्हणून ०००० ही मांडणी आरंभी घ्यावयाची नसते.

आता समजा, १ ते ५ या अंकांना नदी अरुंद ठेवावयाची, ६ ते १० यांना मध्यम आणि ११ ते १५ यांना रुंद. वरील क्रमाने नदी प्रथम मध्यम, मग दोनदा अरुंद, पुन्हा मध्यम, मग रुंद, मध्यम, रुंद, अरुंद अशी वळणे घेत जाईल. चौकटीच्या कागदावर ती काढून पाहिली तर हुबेहूब नदीसारखी दिसते. ती काढण्यासाठी आपण लक्षात ठेवले ते काय? एक आरंभीची मांडणी आणि एक नियम, बस्स.

'रिव्हर रेड' मध्ये याच जातीची, परंतु सोळा घरांची योजना आहे. घर एकेकाने वाढले की शक्य मांडण्यांची संख्या दुप्पट होते. चार घरांना १५ मांडण्या, आठ घरांना २५५, आणि सोळा घरांना जास्तीत जास्त ६५,५३५. एवढ्या टप्प्यांसाठी प्रत्येकी एकच बाइट राखला असता तरी खेळाच्या सोळा पेट्या भरल्या असत्या. त्याऐवजी चालू मांडणी लक्षात ठेवावयास केवळ दोन बाइट पुरतात. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'पिटफॉल' या खेळात डेव्हिड क्रेन यांनी आठ घरांची रीत वापरून जंगलातील २५५ दृश्ये उभी केली होती.

या रीतीचा आणखी एक लाभ आहे. विमान नष्ट झाले म्हणजे खेळाडूला शेवटी फोडलेल्या पुलापासून पुन्हा आरंभ करता येतो. त्यासाठी नदीचा तो भाग जपून ठेवावा लागत नाही. पुलाजवळ असताना सोळा घरांत जे अंक होते तेवढे जपले की पुढची नदी त्यांतून जशीच्या तशी पुन्हा वाहू लागते.

यदृच्छा आणि नियम

खेळणाऱ्याला ही नदी लहरीप्रमाणे वळते असे वाटते. परंतु खेळाच्या पेटीत आरंभीची मांडणी कायमची ठरवून दिलेली असल्यामुळे नदी प्रत्येक वेळी तीच असते. १९८२ साली कॅलिफोर्नियातील मुलाने जी वळणे पाहिली, तीच आज कोणीही तो खेळ सुरू केल्यास पाहील. गणितज्ञ अशा क्रमाला आभासी यदृच्छ क्रम म्हणतात. वरकरणी त्यात नियम दिसत नाही. आत मात्र प्रत्येक पाऊल मागील पावलाने बांधलेले असते. रहाटगाडग्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसाला एकामागून एक नवी गाडगी वर येताना दिसतात. ती मोजकीच आहेत आणि ठरल्या क्रमानेच येतात, हे त्याला पुष्कळ वेळ पाहिल्यावर कळते.

यातून खेळालाही न्याय्यता येते. दोन खेळाडूंना तीच नदी मिळत असल्यामुळे त्यांच्या गुणांची तुलना करता येते. एकाचे नशीब बरे आणि दुसऱ्याचे वाईट, अशी सबब येथे फारशी चालत नाही. पंधरा हजार गुण मिळविल्याचे पडद्याचे छायाचित्र टपालाने पाठविणाऱ्यास ॲक्टिव्हिजनकडून कापडी बिल्ला मिळत असे. नदी प्रत्येकाला वेगळी मिळाली असती तर अशा बिल्ल्याला काय अर्थ राहिला असता?

टक्कर कशी ओळखतात?

विमान काठाला लागले की नाही, हे ठरवण्यासाठी गणकाने सर्व आकृत्यांच्या कडा मोजत बसावयाचे म्हटले तर त्याला वेळ कोठून मिळणार? हे काम चित्र उमटविणाऱ्या विद्युत्-तुकड्याकडेच सोपविले होते. तो सहा प्रकारच्या वस्तू दाखवू शके : दोन मोठ्या आकृत्या, दोन गोळ्या, एक चेंडू आणि पार्श्वभूमी. सहा वस्तूंच्या दोनदोनच्या जोड्या किती होतात, हे शाळेतील गणिताने काढता येते. पहिलीच्या पाच जोड्या, दुसरीच्या नव्या चार, मग तीन, दोन आणि एक, अशा एकंदर पंधरा. तुकड्यात बरोबर पंधरा खुणेच्या जागा होत्या. झोत एखादा ठिपका रंगवीत असताना दोन वस्तू एकाच ठिकाणी आल्या की त्या जोडीची खूण आपोआप उमटे आणि गणकाने ती पुसेपर्यंत तशीच राही. गणकाने चित्र संपल्यावर खुणा वाचावयाच्या आणि त्यावरून विमान फुटले, गोळी लागली की इंधन मिळाले, हे ठरवावयाचे.

मोठ्या आकृत्या दोनच असल्या तरी पडद्यावर शत्रू अनेक दिसतात, हेही नवल नाही. झोत वरून खाली येत असल्यामुळे एक शत्रू रंगवून झाला की तीच आकृती नव्या रूपात आणि नव्या जागी खाली पुन्हा वापरता येते. म्हणून नदीच्या एका आडव्या पट्ट्यात एकच शत्रू असतो.

खेळाडूच्या बाजूने

आतापर्यंत यंत्राचा विचार झाला. आता माणसाचा करू. डोळ्याने पाहून हाताने प्रतिसाद द्यावयास माणसाला सामान्यतः पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात यंत्राची पंधरा चित्रे होऊन जातात. समजा, विमानाच्या पुढे १५० रेषांइतकी नदी दिसते आणि ती प्रत्येक चित्रात एक रेषा सरकते. मग वर दिसलेली वस्तू विमानापर्यंत येण्यास अडीच सेकंद लागतील. सरकण्याचा वेग दुप्पट केला तर सव्वा सेकंद उरेल. त्यांतून प्रतिसादाचा पाव सेकंद वजा केला की विचार करण्यासाठी पहिल्या बाबतीत सव्वादोन सेकंद आणि दुसऱ्या बाबतीत एकच सेकंद हाती राहतो. वेग दुप्पट झाला, परंतु विचाराचा अवधी निम्म्याहूनही कमी झाला. रस्त्यावर वाहन चालविणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो, आणि तेथे मोडलेले विमान पुन्हा मिळत नाही.

या खेळात इंधनाची योजना विशेष विचारपूर्वक केलेली आहे. विमानाचे इंधन सतत घटत असते. नदीत जागोजाग इंधनाची ठाणी लागतात. त्यांवरून उडत गेले की टाकी भरते, आणि हळू गेले तर अधिक भरते. परंतु तेच ठाणे गोळीने उडविले तर ८० गुण मिळतात. जहाजाचे ३०, हेलिकॉप्टरचे ६०, विमानाचे १०० आणि पुलाचे ५०० गुण आहेत. म्हणजे प्रत्येक ठाण्यापाशी खेळाडूला तत्काळ निवड करावी लागते : आता गुण घ्यावे की पुढच्या प्रवासाची शिदोरी जपावी? टाकी भरलेली असताना ठाणे उडविणे शहाणपणाचे आहे. ती अर्धी असताना तेच कृत्य उधळेपणाचे ठरते. पुढे नदी जसजशी कठीण होत जाते तसतशी ठाणी विरळ होतात आणि निवड अवघड होते. नुसती बोटांची चपळाई येथे पुरत नाही, हिशेबही लागतो.

सरकत्या भूमीची दुसरी रीत

पुढील वर्षांत स्मृती स्वस्त झाली आणि रीत बदलली. जपानमधील निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम हे घरगुती यंत्र काढले. त्यात पडदा आठ ठिपके लांबरुंद अशा फरशांनी भरलेला असे : आडव्या ३२ आणि उभ्या ३०, एकूण ९६० फरशा. कोणत्या जागी कोणती फरशी, एवढाच तक्ता स्मृतीत ठेवावयाचा. सर्व चित्र एक रेषा खाली सरकविण्यासाठी एक अंक बदलला की पुरे. नव्याने दिसणारी फरशांची ओळ तेवढी भरावी लागे. कॅपकॉम कंपनीचा '१९४२' हा १९८४ सालचा विमानखेळ १९८५ मध्ये या यंत्रावर आला. दुसऱ्या महायुद्धातील प्रशांत महासागराची पार्श्वभूमी असलेल्या त्या खेळात समुद्र आणि बेटे अशीच फरशांची बनलेली आहेत. तेथेही मर्यादा होत्या : एका आडव्या रेषेवर आठांपेक्षा अधिक हलत्या आकृती दिसत नसत, म्हणून गर्दी झाली की विमाने लुकलुकताना दिसत.

रचनाकार आणि समाज

कॅरोल शॉ यांचा जन्म १९५५ सालचा. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत्-अभियांत्रिकी आणि गणकशास्त्र यांचे शिक्षण घेऊन त्या १९७८ साली अटारीत रुजू झाल्या. घरगुती खेळांच्या क्षेत्रातील आरंभीच्या स्त्री रचनाकारांत त्यांची गणना होते. त्या काळी अटारी आपल्या खेळांवर रचनाकारांची नावे छापीत नसे. या असंतोषातून बाहेर पडलेल्या काही तंत्रज्ञांनी १९७९ साली ॲक्टिव्हिजन स्थापन केली आणि लेखकाचे नाव ग्रंथावर असावे तसे रचनाकाराचे नाव खेळावर घालण्याची प्रथा पाडली. शॉ यांचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, ते काही अंशी या प्रथेमुळे. २०१७ साली या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांचा जाहीर गौरव करण्यात आला.

या खेळाच्या वाट्याला निंदाही आली. पश्चिम जर्मनीत तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या साहित्याची तपासणी करणाऱ्या सरकारी मंडळाने १९८४ साली 'रिव्हर रेड'चा आपल्या निर्बंधाच्या यादीत समावेश केला. पूल आणि जहाजे उद्ध्वस्त करण्याची भूमिका मुलांच्या मनास युद्धाची गोडी लावील, अशी मंडळाची चिंता होती. २००२ साली ते नाव यादीतून काढण्यात आले. चिंता निराधार होती असे कोणी म्हणेल, अतिरेकी होती असे कोणी म्हणेल. परंतु मुलांच्या हाती काय द्यावे याचा विचार समाजाने करणे योग्यच आहे. तो करताना वस्तूचे अंतरंग समजून घेतलेले असावे, इतकेच. चार ठिपके रुंदीच्या ठोकळ्यांचे चित्र मनावर किती परिणाम करते, हा अनुभवाने आणि निरीक्षणाने सोडविण्याचा प्रश्न आहे.

जुन्या खेळाचे जतन

झोताची काचनळी आता घरोघरी राहिलेली नाही. सपाट पडद्यांवर चित्र निराळ्या रीतीने उमटते. जुना खेळ आज पुष्कळदा अनुकारी आज्ञावलीच्या साहाय्याने खेळतात. ही आज्ञावली आधुनिक गणकयंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयास लावते. तिला केवळ ६५०७ गणकाच्या आज्ञा पाळून भागत नाही. प्रत्येक रेषेचे ७६ ठोके मोजावे लागतात आणि पडद्यावर अस्तित्वात नसलेला झोत कोणत्या ठिपक्यावर असता, याचाही हिशेब ठेवावा लागतो. एका जुन्या यंत्राचे वर्तन इतक्या बारकाईने लिहून ठेवणे हे इतिहाससंशोधनाचेच काम आहे. जुन्या ताम्रपटाची लिपी जाणणारे कोणी उरले नाही तर ताम्रपट शाबूत असूनही मुका होतो. गणकयंत्रावरील कृतींचीही तीच गत आहे. यंत्राचे ज्ञान नाहीसे झाले तर पेटीतील ४,०९६ बाइट शिल्लक राहूनही नदी मात्र आटेल.

विज्ञानात आपण नेहमी हेच करीत असतो. ग्रहांच्या रोजच्या जागा हजारो वर्षे टिपून ठेवता येतील, किंवा त्या जागा ज्यातून निघतात तो गतीचा नियम समजून घेता येईल. पहिल्याने वह्या भरतात; दुसऱ्याने एक ओळ पुरते, आणि अजून न आलेल्या दिवसाची जागाही सांगता येते. चार नाणी घेऊन वरील नियम करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याने पाचवे नाणे वाढवावे, कोणती दोन नाणी ताडून पाहिली असता चक्र सर्वांत लांब होते याचा शोध घ्यावा, आणि मिळालेल्या अंकांतून स्वतःची नदी कागदावर काढावी. पाच नाण्यांचे पूर्ण चक्र ३१ पावलांचे असते. ते सापडले की पडद्यावरील नदीचा उगम त्याच्या हाती लागला असे समजावे.